वानखडे काकांचा ससा

एक ससा मारायला माणसाला किती तयारी लागावी? डॉ. प्रभाकर वानखडे यांना अडीच वर्षं लागली. त्यातलं एक अख्खं वर्ष माझ्यामुळे वाया गेलं. काका आता अमरावतीला परत गेले आहेत, त्यांच्या घरात दुसरं कुटुंब आलं आहे, आणि मी अजून स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या परसाकडे बघते.

पहिल्यांदा पाहिलं तेही त्याच खिडकीतून. आम्ही पुण्याहून आयर्लंडमधल्या लेटरकेनीला येऊन दोनच दिवस झाले होते. माझा नवरा समीर इथल्या हॉस्पिटलात रुजू झाला होता आणि मी घरी खोकी उघडत होते. बाहेर आडवा पाऊस. शेजारच्या परसात जाड मिश्यांचा, पन्नाशी ओलांडलेला एक माणूस रेनकोट घालून, धनुष्य पूर्ण ताणून उभा होता. धनुष्याला बाण नव्हता. तो मोठ्याने मराठीत आकडे मोजत होता. वीसपर्यंत गेला, दोरी हळूच सैल केली, श्वास घेतला आणि पुन्हा ताणली. मी थक्क होऊन बघत राहिले. पलीकडच्या घरातली नोरा, सत्तरीची आयरिश बाई, कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "युअर मॅन रोजच उभा असतो गं असा. ही इज ग्रँड." इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो माणूस', आणि कुणाबद्दल 'ग्रँड' म्हटलं की विषय संपतो. पण मी कोथरूडची. मी छत्री घेऊन विचारायला गेले.

"काका, बाण का नाही लावत?"

"बाण सोडणं कुणालेही येते," ते म्हणाले. "थांबता आलं पाहिजे. ते शिकून राहिलो."

काका भूलतज्ज्ञ होते. अमरावतीच्या एका व्यायामशाळेत दहाव्या वर्षापासून तीरकामठा शिकले, राज्यपातळीपर्यंत खेळले. पुढे डॉक्टरकी आली, आयर्लंड आलं, पण तीरकामठा सुटला नाही. धनुष्य हा शब्द ते रामासाठी राखून ठेवत. काकू अमरावतीच्या कॉलेजात शिकवायच्या, सुट्टीत यायच्या. परत जायचं पक्कं असल्याने काकांनी इथला पासपोर्ट कधी घेतला नाही. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," एवढंच म्हणायचे.

त्यांना एक खोड होती. कुठेही गेले की अंतर सांगायचे. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, "ती लाल गाडी सव्वीस मीटर." गणपतीत कम्युनिटी हॉलमध्ये आरती चालू असताना माझ्या कानाशी, "मोदकाचं ताट अकरा." मग पावलं टाकून मोजायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचे. चुकले तर दिवसभर चिडचिड. एकदा एका बारशाला पाळण्याचं अंतर चुकलं म्हणून जेवणात लक्ष लागलं नाही त्यांचं. बाळाच्या आईला वाटलं, नाव आवडलं नाही.

मटणावर मात्र त्यांचा जीव होता. नोराच्या घरचा लँब स्ट्यू ते नळी चोखून खायचे आणि तिला मिरची घालायला शिकवायचे. एक दिवस रस्त्याकडेला गाडी लावून ते मटणाचं सँडविच खात होते. आमच्या डोनेगल जिल्ह्यात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. कुंपणापलीकडून एक कोकरू टक लावून बघत राहिलं. "ते माझ्याकडे पाहून राहिलं, अन् मी त्याच्या भावाले खाऊन राहिलो," काका मला सांगत होते. हसत होते, पण त्या दिवसापासून डोक्याला भुंगा लागला. त्यांनी ठरवलं, एकदा तरी स्वतः मारायचं, स्वतः सोलायचं, शिजवायचं आणि खायचं. जमलं नाही तर मटण सोडून द्यायचं, कायमचं.

"मग बंदूक घ्या की," समीर म्हणाला.

"बंदूक मले येत नाही. मले जे येते त्यानंच मारीन. अन् त्या जीवाले कळता कामा नये. तीस वर्षं मी लोकांले दुखू नाही दिलं, आता सशाले दुखवू काय?"

आयर्लंडमध्ये बाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे बाहेरच्या देशात जाणं आलं. काकांनी महिनाभर अभ्यास करून फिनलंड काढलं. तिथल्या सरकारी जंगलात दिवसाचा परवाना काढता येतो, तंबू कुठेही ठोकता येतो, आणि शिकाऱ्याची परीक्षा इंग्रजीत देता येते. हरणाची भानगड मोठी आणि महाग, ससा आवाक्यातला. गाईड घ्या असं सगळ्यांनी सुचवलं. काकांनी तो सल्ला बाजूला सारला. "गाईडने दाखवला तर तो गाईडचा ससा. आपण पैसे देऊन फक्त पाहुणे." सशाच्या शिकारीला जाताना वाघाच्या शिकारीची तयारी ठेवावी, ही म्हण माणसं गमतीत वापरतात. काकांनी ती कामाची यादी समजून घेतली.

त्याच सुमारास त्यांनी मला हाताबद्दल सांगितलं. मी चहा घेऊन गेले होते. कप बशीवर वाजत होता, आणि आधी मला वाटलं थंडीने.

"पार्किन्सन आहे," ते म्हणाले. "उजव्या हाताचा. हात माझाच आहे, पण आता मले विचारत नाही."

तक्रार करायला कुणी येण्याआधीच ते आपल्या प्रमुखांकडे गेले होते आणि सुई हातात घेणं बंद करून घेतलं होतं. ऑपरेशनआधी पेशंट तपासायच्या क्लिनिकमध्ये बसायला लागले. हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. सकाळची गोळी घेतली की पन्नास मिनिटांनी हात शांत व्हायचा आणि जवळजवळ दोन तास शांत राहायचा. काकांचा सगळा बेत त्या दोन तासांवर उभा राहिला. ससे पहाटे बाहेर पडतात. म्हणजे गोळी कधी घ्यायची, तिथे उजाडतं कधी, आपल्या आणि त्यांच्या घड्याळात दोन तासांचा फरक, मग इथे महिनाभर आधीपासून गोळीची वेळ रोज थोडी थोडी मागे सरकवायची. भूल देणाऱ्याच्या हिशेबाने सगळं.

"जे मोडायचं ते घरी मोडो," हे त्यांचं दुसरं वाक्य. फेब्रुवारीत ते अकरा दिवस स्वतःच्या परसात तंबू ठोकून राहिले. सकाळी तंबूतून निघून घरात जायचे, दाढी करायचे, टाय बांधून कामाला जायचे आणि संध्याकाळी परत तंबूत. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने काठी मोडली तेव्हा इतके खूश झाले की मला बोलावून दाखवली. नोराने गरम पाण्याची पिशवी आणून दिली, ती त्यांनी आभार मानून परत केली. जंगलात नोरा नाही, असं तिला सांगितलं. तिला ते लागलं, आठवडाभर बोलली नाही.

दुकानातलं कोरडं जेवण महाग म्हणून त्यांनी वरण ओव्हनमध्ये वाळवलं. खिचडी वाळवली. झुणक्याचं पीठ भाजून, मसाला मिसळून पुड्या बांधल्या. गरम पाणी ओतलं की जेवण तयार. दोन आठवडे आमच्या अख्ख्या गल्लीला हिंगाचा वास होता. विमानात वजन कमी भरावं म्हणून टूथब्रशची दांडी कापली, टॉवेल अर्धा केला, चटईचे कोपरे छाटले. आणि शेवटी पाव किलो सुक्या लाल मिरच्या टाकल्या. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"त्या सामानात नाही धरायच्या," ते म्हणाले. "त्या औषधात."

परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले. व्हिसा आला, तोही नेमक्या दहा दिवसांचा. सोबत समीर जाणार होता, मी डब्लिनच्या विमानतळावर सोडणार होते.

आता माझा घोळ. लेटरकेनीहून डब्लिनला जायचा जवळचा रस्ता उत्तर आयर्लंडमधून जातो. तो वेगळा देश, ब्रिटनचा भाग, पाट्यांवर किलोमीटरऐवजी मैल. मध्ये चौकी नाही, गेट नाही, नुसता एक पूल आहे. पण भारतीय पासपोर्टवाल्याला तिथला व्हिसा लागतो. म्हणून आपली सगळी माणसं स्लायगोवरून वळसा घालून जातात. आम्हीही सहा वर्षं तसेच गेलो. काका तर इतके कडक, की तीरंदाजीचा सगळ्यात जवळचा क्लब पुलापलीकडे पाऊण तासावर असून ते सरावाला पार डब्लिनच्या बाजूला नास गावाजवळ जायचे, चार तास गाडी चालवत. तिथे झाडीत नेमासाठी फोमची जनावरं मांडलेली असायची. कुणी विचारणार नाही हो, असं लोक म्हणायचे. "चौकी नाही म्हणून हद्द नाही असं नसते," हे त्यांचं उत्तर.

त्या वसंतात मला आणि समीरला आयरिश पासपोर्ट मिळाले. पासपोर्ट बदलला तसा आमचा रस्ता बदलला. पाच महिने मी पुलावरूनच जात होते. त्या सकाळी समीर शेजारी डुलक्या घेत होता, काका मागे सामानाला टेकून झोपले होते, आणि माझ्या हातांनी सवयीने गाडी पुलाकडे वळवली. मला कळलंही नाही. अर्ध्या तासाने मागून आवाज आला.

"केतकी, पाटीवर मैल काहून आहेत?"

मी गाडीचा वेग कमी केला. समीर जागा झाला आणि समजावू लागला, "काका, आता पुढे गेलो तरी तासाभरात बाहेर पडतो. मागे फिरलो तर विमान गेलं."

"आलो ते चुकून आलो," काका म्हणाले. "आता कळल्यावर एक मैलही पुढे गेलो तर ते चुकून नाही. गाडी वळव, पोरी."

मी वळवली. विमान गेलं. व्हिसा त्याच तारखांचा होता, रजाही. घरी आल्यावर ते म्हणाले, "चहा टाक. मी तंबू वाळत घालतो, पिशवीत राहिला तर बुरशी धरते." मी चहा टाकता टाकता रडले. त्या वेळी त्यांचा हात दोन तास शांत राहत होता. पुढच्या वर्षी किती राहील, हे आम्हाला तिघांनाही माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी चाळीस मिनिटं राहिला.

काकांनी सगळा बेत पुन्हा मांडला. वीस मीटरऐवजी बारा मीटरवरून मारायचं. धनुष्य हलकं घेतलं. उभं राहून मारण्याऐवजी बसून, पाठ झाडाला टेकवून. परसात छोट्या स्टुलावर बसून पुन्हा तेच, ताण, मोज, सोड नको. वीसपर्यंत मोजायचे ते आता आठपर्यंत मोजत होते. डोस वाढवून घ्या, असं समीरने सुचवलं. त्याचे काय परिणाम होतात ते काकांनी त्यालाच ऐकवलं आणि विषय मिटवला. समीरची त्या वर्षी परीक्षा होती. मी म्हटलं, मी येते.

"तू तर अंडंही खात नाहीस."

"मला खायला कोण सांगतंय? मी गाडी चालवीन."

"रस्ता मी सांगीन," काका म्हणाले.

सप्टेंबरात आम्ही फिनलंडच्या उत्तरेला एका तळ्याकाठी तंबू ठोकले, त्यांचा एक, माझा एक. बर्चची पानं पिवळी झाली होती, सकाळी गवतावर दहिवर. सहा दिवसांचे परवाने होते. रोज पहाटे ते गोळी घ्यायचे, आम्ही झुडपांच्या कडेला ठरलेल्या जागी जाऊन बसायचो आणि हात शांत होण्याची वाट बघायचो. मी त्यांच्या मागे चार हातांवर. बोलायचं नाही, हलायचं नाही, शिंकायचं नाही. पहिल्या दिवशी ससा आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आला, तीस मीटरवर. तिसऱ्या दिवशी बारावर येऊन बसला, काकांनी दोरी ताणली, आठ मोजले आणि सैल केली. चौथ्या दिवशी दोनदा ताणली, दोनदा सैल केली. मला ओरडावंसं वाटत होतं, सोडा ना एकदाचा.

त्या दुपारी झुणका खाताना मी न राहवून बोलले, "काका, माझी चूक नसती तर गेल्या वर्षी झालं असतं."

ते माझी समजूत घालतील असं मला वाटलं होतं. सगळे घालतात.

"हाव, झालं असतं," ते म्हणाले. "ते वर्ष चांगलं होतं माझं." आणि ताटलीतला झुणका संपवून म्हणाले, "गेलं ते. आता हे आहे. उद्या गोळी दहा मिनिटं आधी घेतो. हात शांत व्हायले आता उशीर लागून राहिला."

मला वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं. खरं बोलणाऱ्या माणसाजवळ बसलं की असं होतं.

पाचव्या दिवशी ससा उजव्या बाजूने आला. करडा, कान काळ्या टोकांचे. थांबला, पुढचे पाय टेकले, गवत खाऊ लागला. काकांनी दोरी ताणली. मी मागून त्यांचं कोपर बघत होते. ते हललं नाही. मी मनात मोजत होते, सहापर्यंत आले आणि दोरीचा आवाज झाला. ससा जागच्या जागी आडवा झाला. एक पाय एकदा झटकला, तेवढंच.

काकांनी धनुष्य खाली ठेवलं आणि चालत गेले. धावले नाहीत. गुडघ्यांवर बसून सशाच्या डोळ्याच्या कडेला बोट लावलं, मग छातीवर दोन बोटं ठेवून घड्याळात बघत राहिले. ऑपरेशनच्या टेबलाशी ते असेच बसत असतील. बराच वेळ गेला. "झालं," ते म्हणाले. "कळलं नाही त्याले."

मग त्यांनी चाकू काढला, आणि हात सुटला. एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आल्यासारखा तो थरथरू लागला. चाकू गवतात पडला. त्यांनी उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उचलला नाही. स्वतः सोलायचं ठरलं होतं. ते हाताकडे बघत बसले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याची छाया दिसली.

मी चाकू उचलला. तेव्हा मी काय विचार केला ते मला खरंच आठवत नाही. माझ्या आईला हे आजपर्यंत माहीत नाही.

"सांगा," मी म्हटलं.

"पोरी, तुले नाही जमणार."

"तुम्ही सांगा. हात माझे, काम तुमचं."

त्यांनी सांगितलं. मागच्या पायांच्या सांध्याशी, वर फक्त कातडी, खोल जायचं नाही, आता अंगठा घाल, आता ओढ. आवाज शांत, एकेक पायरी, नवशिक्या डॉक्टरला शिकवावं तसा. ससा अजून गरम होता, ते मला अपेक्षित नव्हतं. मध्ये एकदा मी तोंड वळवून श्वास घेतला. ते थांबले, मी परत वळले तसे पुढे सांगू लागले. तास लागला असेल. शेवटी मी तळ्यात हात धुतले तरी ते माझे वाटत नव्हते.

दुपारी काकांनी डाव्या हाताने फोडणी दिली. मिरच्या भरपूर. मी माझी खिचडी भिजवली. ते जेवायला बसले तेव्हा मला वाटलं, नळ्या चोखतील, काहीतरी बोलतील. ते नुसते डाव्या हाताने हळूहळू, एकही तुकडा न टाकता खात राहिले. दोनदा थांबले. उरलेलं संध्याकाळी खाल्लं. मला घे म्हणाले नाहीत, आणि ते मला बरं वाटलं. भांडं घासून झाल्यावर एवढंच म्हणाले, "आता मटण खाईन मी. पण कमी खाईन."

सहाव्या दिवसाचा परवाना हातात होता. तो त्यांनी वापरला नाही.

निघायच्या सकाळी मी तंबू आवरून गाडीत भरत होते. काका झुडपांच्या कडेला गेले होते, जिथे आम्ही हाडं आणि कातडं खड्डा करून पुरलं होतं. मी हाक मारणार होते, मारली नाही. त्यांनी टोपी काढून बगलेत धरली आणि नमस्काराला हात जोडले. गोळीचा अंमल कधीच उतरला होता. उजवा हात थरथरत होता, त्याच्याबरोबर डावाही हलत होता, जोडलेले हात सारखे सुटत होते. त्यांनी घाई केली नाही. डाव्या हाताने उजवा घट्ट दाबून धरला, तो शांत होईपर्यंत थांबले, आणि मगच मान खाली घातली.